पासपोर्ट हजसाठी काढला होता

आपाचा पासपोर्ट तीन वर्षांपासून अकोल्याच्या घरात, लोखंडी कपाटात, कुरआनशरीफच्या शेजारी ठेवलेला आहे. तो हजसाठी काढला होता. दरवर्षी काही ना काही निघाले. एकदा दूल्हाभाईंचे डोळ्याचे ऑपरेशन, एकदा घराचा स्लॅब. पासपोर्ट कोराच राहिला. आपा महिन्यातून एकदा तो काढायची, धूळ नसतानाही पुसायची आणि परत ठेवायची.

मागच्या रमजानमध्ये भाच्याचा फोन आला. तो जर्मनीत न्युरेंबर्ग शहरात इंजिनियर आहे. म्हणाला, "खाला, अम्मीला समजावून सांगा. डिसेंबरात या म्हणावं. इथे नाताळचा बाजार भरतो, तुमची नात सारखी तिथलाच हट्ट करते. दादी आली की दादीसोबत जाईन म्हणते." नात साडेतीन वर्षांची आहे. तिकडेच जन्मली. आपाने तिला फोनच्या काचेत पाहिले आहे, मांडीवर अजून घेतलेले नाही.

मी अमरावतीला शिकवते. घरात फॉर्म भरायचे काम माझ्याकडे येते, मग तो रेशनकार्डाचा असो की व्हिसाचा. मी स्वतः जाणार नाही. डिसेंबरात शाळेचे स्नेहसंमेलन असते आणि तेवढी रजाही शिल्लक नाही. पण गेले काही महिने या प्रवासाची वही माझ्याजवळ आहे. आज आपल्या घराघरांतली मुले-मुली दुबई, जर्मनी, कॅनडात आहेत आणि अम्मी-अब्बूंना बोलावणी येत आहेत. म्हणून त्या वहीतले चार कामाचे मुद्दे वाचकांपुढे ठेवते.

पहिला प्रश्न पैशाचा नव्हता, कोणत्या पैशाचा होता

आपाचे पहिले उत्तर होते, "आधी मक्का, मग जर्मनी." तिला वाटत होते की हजसाठी काढलेल्या पासपोर्टवर पहिला शिक्का दुसऱ्याच देशाचा लागणार, आणि तोही बाजार बघायला. दूल्हाभाई जिनिंगमध्ये मुनीम होते. त्यांनी आयुष्यभर रुपया रुपया वेगळा मांडला आहे. ते म्हणाले, "शिक्का कुठला लागतो ते सोड. पैसा कुठल्या डब्यातून जातो ते सांग."

आम्ही मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारले. त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या केल्या. ज्याच्याजवळ हजचा खर्च आणि घरच्यांची सोय आहे, त्याच्यावर हज फर्ज आहे. सहलीसाठी तो पुढे ढकलणे बरोबर नाही. हजसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला या प्रवासासाठी हात लावू नये. पण मुलगा स्वतःच्या हलाल कमाईतून आईवडिलांना भेटायला बोलावतो, तिकीट पाठवतो, तर तो त्याचा हदिया आहे. तो घेतल्याने हजच्या पैशातला एक पैसाही कमी होत नाही.

म्हणून क्रम ठरला. हज कमिटीचा अर्ज आधी भरायचा, व्हिसाचा नंतर. अर्ज भरला त्या दिवशी आपाने दोन रकात नफिल पढली आणि मग मला म्हणाली, "आता काढ तुझे जर्मनीचे कागद." इथे एक व्यवहाराची सूचना. दोन्ही अर्ज एकाच हंगामात असतील तर कोणत्या तारखेला पासपोर्ट कोणाकडे असेल हे आधी लिहून काढा. व्हिसासाठी तो आठवडा-दोन आठवडे अडकतो. त्याच वेळी हजसाठी मूळ पासपोर्ट जमा करायची वेळ आली तर धावपळ होते.

परक्या सणाच्या बाजारात जावे का?

दुसरा प्रश्न आपाच्या जावेने विचारला. "नाताळ त्यांचा सण. तिथे आपण काय करायचं?" प्रश्न खोटा नाही. यावर उलमांमध्ये मतभेद आहेत हे मी आधीच सांगते. काही जण अशा ठिकाणी जाऊच नये म्हणतात. काही जण इबादत आणि खरेदी-विक्री यांत फरक करतात. त्यांच्या पूजेत, प्रार्थनेत सहभागी व्हायचे नाही यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे. ज्याने त्याने आपल्या आलिमाला विचारून ठरवावे.

मला या निमित्ताने दोन गोष्टी आठवल्या. पहिली उकाझची. इस्लामपूर्व अरबस्तानात हजच्या हंगामाला लागून उकाझ, मजन्ना आणि जुलमजाझ असे मोठे बाजार भरत. इस्लाम आल्यावर सहाबांना वाटले, जाहिलियतच्या काळातले हे बाजार, हजच्या दिवसांत तिथे व्यापार करणे गुनाह तर नाही ना? त्यावर सूरह बकराची 198 वी आयत उतरली. आपल्या रबचा फज्ल, म्हणजे रोजी शोधण्यात गुनाह नाही, असा तिचा आशय आहे. हजरत इब्ने अब्बास यांची ही रिवायत सहीह बुखारीत आहे. यावरून नाताळच्या बाजाराचा फतवा निघत नाही, तो मी काढतही नाही. पण सणाच्या हंगामात भरणारा बाजार म्हणजे काय, हा प्रश्न सहाबांच्या मनातही आला होता, एवढे मनाला धीर देऊन गेले.

दुसरी गोष्ट आमच्या नानांची. आमचे आजोळ अचलपूरचे. नाना काचेच्या बांगड्या विकत. परतवाड्याहून बैतुलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूरबाजार तालुक्यात बहिरमची यात्रा भरते. डिसेंबरच्या 20 तारखेच्या सुमारास सुरू होऊन ती जानेवारी संपेपर्यंत चालते. ऐन थंडीत राहुट्या पडतात, रोडगे भाजले जातात, वांग्याची भाजी आणि हंडीतले मटण शिजते, आकाशपाळणे फिरतात. नाना महिनाभर तिथे बांगड्यांचे दुकान लावत. देवळात ते कधी गेले नाहीत आणि नमाज कधी चुकवली नाही. राहुटीच्या मागे पोते अंथरून नमाज पढत. शेजारचा घोंगड्यांचा दुकानदार तेवढा वेळ गिऱ्हाईक सांभाळे. त्याच्या एकादशीला नाना त्याचे दुकान सांभाळत. अम्मी सांगायची, तिच्या लग्नाचा निम्मा खर्च बहिरमच्या बांगड्यांतून निघाला.

हे सांगितल्यावर जावबाई म्हणाल्या, "पण नाना कमवायला जात. आपा खर्च करायला चालली." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आपाने दिले. "मी बाजाराला नाही जात. पोरीला बाजारात फिरवायला जाते."

तो बाजार आहे तरी काय

जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्सच्या काही भागांत नाताळच्या आधी चार आठवडे हे बाजार भरतात. प्रथा जुनी आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराला 1434 मध्ये नाताळच्या आधी एका दिवसाच्या बाजाराची परवानगी मिळाली. आज तोच बाजार महिनाभर चालतो. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचा बाजार 1570 पासूनचा. न्युरेंबर्गच्या बाजाराचा जुना पुरावा म्हणजे एक लाकडी डबी. तिच्यावर 1628 साल आणि बाजाराचे नाव लिहिलेले आहे. ती डबी तिथल्याच संग्रहालयात जपून ठेवली आहे.

न्युरेंबर्गचा बाजार शहराच्या मधोमध हाउप्टमार्क्ट नावाच्या चौकात भरतो. लाकडी दुकाने, वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे कापड. लाकडाची खेळणी, काचेचे गोळे, मेणबत्त्या, लोकरीचे मोजे, सुक्या आलुबुखाऱ्याच्या बाहुल्या मिळतात. जवळच लहान मुलांचा वेगळा बाजार असतो, त्यात पाळणे आणि छोटी आगगाडी. आमच्या नातीचा हट्ट तो हाच.

तिथली प्रसिद्ध मिठाई म्हणजे लेबकुखेन, मसाल्याची जाडसर बिस्किटे. त्यात दालचिनी, लवंग, वेलची असते. मध्ययुगात न्युरेंबर्ग हे मसाल्याच्या व्यापाराचे मोठे ठिकाण होते. आपल्या बाजूचे मसाले समुद्र आणि वाळवंट ओलांडून व्हेनिसमार्गे तिथे पोचत. ते ऐकून आपा म्हणाली, "म्हणजे आपल्या बिर्याणीचा मसाला बिस्किटात घातला."

तारखांची चूक सगळ्यात जास्त होते, म्हणून ती ठळक सांगते. आपल्याला वाटते नाताळ 25 ला, म्हणजे बाजार 25 ला रंगात असेल. तसे नाही. न्युरेंबर्गचा बाजार नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारच्या अलीकडच्या शुक्रवारी सुरू होतो आणि 24 डिसेंबरला दुपारी संपतो. 2025 मध्ये तो शुक्रवार 28 नोव्हेंबरला आला, 2026 मध्ये 27 नोव्हेंबरला येतो. 25 आणि 26 डिसेंबरला जर्मनीत सुट्टी असते, किराणा दुकानेसुद्धा बंद. 24 ला दुपारनंतर सगळे शांत. 25 ची तारीख धरून तिकीट काढणाऱ्याला रिकामा चौक आणि बंद दुकाने बघावी लागतील. घरातले दूध, पाव, भाजी 24 च्या सकाळीच भरून ठेवावे लागते.

आणखी एक. शनिवार-रविवारी संध्याकाळी गर्दी फार. गुडघे दुखणाऱ्या माणसांनी मंगळवार-बुधवारी सकाळी अकराला जावे. दिवे लागलेले बघायचे तर रात्रीची वाट बघायची गरज नाही. डिसेंबरात तिथे सव्वाचारलाच सूर्य मावळतो.

कागद खरे असावेत

व्हिसा लागतो तो शेंगेन व्हिसा. एका व्हिसावर युरोपातल्या 29 देशांत जाता येते. ज्या देशात जास्त दिवस राहायचे, त्या देशाच्याच कचेरीकडे अर्ज करायचा. मोठ्यांसाठी फी 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 45 युरो, सहाच्या आतल्यांना माफ. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरा, म्हणजे माणशी नऊ हजारांवर फीच झाली, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी करावाच लागतो. डिसेंबरसाठी जून-जुलैतच वेळ घ्या. दिवाळीनंतर वेळा मिळणे कठीण होते. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. आम्ही मुंबईची वेळ घेतली आहे. अमरावतीहून निघणारी रात्रीची गाडी बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला येते, तीच सोयीची.

पासपोर्ट परत येण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्याची दोन पाने कोरी हवीत. आपल्या अमरावती-अकोल्याचे पासपोर्ट नागपूरच्या कार्यालयाखाली येतात, नूतनीकरण असेल तर ते सगळ्यात आधी करा. प्रवास विमा निदान 30,000 युरोंचा हवा. फोटोबद्दल आपाला काळजी होती. डोक्यावरचा स्कार्फ धर्माच्या कारणाने चालतो, हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा मात्र उघडा आणि सावलीशिवाय दिसला पाहिजे.

आता जे घडले ते सांगते. कागद बघायला आम्ही एका एजंटाकडे गेलो. त्याने दूल्हाभाईंचे पासबुक चाळले आणि म्हणाला, "शिल्लक कमी दिसते. कोणाकडून तरी पाच लाख घ्या, आठ दिवस खात्यात ठेवा, स्टेटमेंट काढा, परत करा. सगळे असेच करतात." दूल्हाभाई उठून उभे राहिले. "चाळीस वर्षं दुसऱ्याच्या वहीत मी खोटा आकडा लिहिला नाही. आता स्वतःच्या वहीत लिहू?" आम्ही बाहेर पडलो. रस्त्यावर आल्यावर आपा रडली. तिला वाटले, गेले सगळे.

खरे तर सरळ रस्ता होताच. मुलगा तिथे रीतसर राहतो, पगार घेतो. जर्मनीत यासाठी एक सरकारी हमीपत्र मिळते. तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत तो पगाराचे कागद घेऊन जातो आणि पाहुण्यांचा राहण्याचा, खाण्याचा, दवाखान्याचा खर्च माझ्यावर, असे लिहून देतो. ते मूळ हमीपत्र, निमंत्रणाचे पत्र, नात्याचा पुरावा आणि इकडे परत येण्याचे कारण, म्हणजे घर, शेती, नोकरी किंवा पेन्शन, हे जोडले की थोड्या शिलकीचे पासबुकही चालते. खोटा कागद पकडला गेला तर व्हिसा नाकारतात, आणि ती नोंद शेंगेन देशांच्या सामायिक यंत्रणेत पाच वर्षे राहते. पण दूल्हाभाईंना हा नियम माहीत नव्हता. नियम माहीत नसताना ते उठले, याचे मला जास्त मोल वाटते.

शाळेत, सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्यांनी परदेशी जाण्याची कार्यालयीन परवानगी आधी मागावी. ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन देशांच्या विमानतळांवर चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद करायची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. त्यामुळे रांगेत वेळ लागू शकतो, पुढच्या गाडीचे तिकीट घाईचे काढू नका.

काय खावे, काय टाळावे

ही यादी मी आपासाठी उर्दूत लिहून दिली आहे. वाचकांसाठी मराठीत.

बाजारात सगळीकडे वाफाळते पेले दिसतात. त्यात ग्ल्यूवाइन, म्हणजे मसाला घालून गरम केलेली दारू असते. वास दालचिनीचा येतो, त्यामुळे काढा समजून फसगत होते. मुलांसाठी फळांच्या रसाचे गरम पेय मिळते, त्याला किंडरपुन्श म्हणतात. बिनदारूचे असेल तर 'आल्कोहोलफ्राय' असे लिहिलेले असते. हा एक शब्द पाठ करावा. तरी एकाच दुकानात दोन्ही मिळतात, मनाला रुचत नसेल तर कॉफी किंवा गरम चॉकलेटचे वेगळे दुकान शोधावे. पेल्यासाठी जादा अनामत घेतात, पेला परत केला की ती परत मिळते.

न्युरेंबर्गचे बोटाएवढे सॉसेज जगप्रसिद्ध आहेत. ते डुकराच्या मांसाचे असतात. 'श्वाइन' हा दुसरा शब्द पाठ करायचा, त्याचा अर्थ डुक्कर. पातळ रोटीसारख्या फ्लामकुखेनवरही बहुधा त्याचेच तुकडे असतात. स्टोलेन नावाच्या नाताळच्या केकमधले मनुके बऱ्याचदा रममध्ये भिजवलेले असतात. बटाट्याचे किसून तळलेले धिरडे सफरचंदाच्या चटणीबरोबर मिळते, पण तेल की चरबी हे विचारून घ्यावे. निर्धास्तपणे खायचे तर साखरेत परतलेले बदाम, भाजलेले चेस्टनट आणि मक्याचे कणीस.

पोटभर जेवणाची चिंता मात्र नाही. 1961 मध्ये तेव्हाच्या पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला. कारखान्यांत कामाला आलेले ते तुर्क तिथेच राहिले. त्यांच्या मुला-नातवंडांची दुकाने आज गावोगाव आहेत. हलाल मांस, मसूर, पीठ, खजूर सगळे मिळते. विमानात मुस्लिम जेवण हवे असेल तर तिकिटासोबतच नोंदवा, विमानात बसल्यावर मिळत नाही.

इकडून नेण्याच्या पिशवीवरून आमच्या घरात वाद झाला. आपाला साजूक तूप, खव्याच्या गुजिया आणि शामी कबाब न्यायचे होते. युरोपात बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. विमानतळावर काढून घेतात, दंडही होतो. म्हणून पिशवीत आता तिळाचे लाडू, बाजरीचे पीठ, ज्वारीचे पापड आणि कुटलेला वऱ्हाडी मसाला आहे.

थंडी, वुझू आणि छोटे दिवस

आपल्याकडे डिसेंबरात चिखलदऱ्याला गेलो की आपण शाल काढतो. तिथे दुपारी चार-पाच अंश आणि रात्री शून्याच्या खाली. एक जाड कोट घेण्यापेक्षा अंगाला चिकटून बसणारे गरम कपडे आतून, त्यावर स्वेटर, त्यावर वारा न शिरणारा कोट, असे थर चांगले. बूट एक माप मोठे घ्यावेत, जाड मोजे बसतात. पाठीवर सॅक चालेल, खांद्यावर शाल नको. गर्दीत ती अडकते.

मधल्या डिसेंबरात न्युरेंबर्गला सूर्य आठनंतर उगवतो. फजरसाठी पहाटे चारला उठावे लागत नाही, सहा-साडेसहाला आरामात होते. पण जुहर सव्वाबारानंतर आणि मगरिब सव्वाचारला. या चार तासांत जुहर आणि असर दोन्ही. दुपारी बाजारात निघालात तर असर हमखास हुकते. म्हणून आपाचा बेत असा: सकाळी बाजार, दुपारी घरी, मगरिबनंतर हवे तर पुन्हा दिवे बघायला.

कसरचा मसला लक्षात ठेवा. हनफी मसलकात एका ठिकाणी 15 दिवस किंवा जास्त राहायची नियत असेल तर माणूस मुकीम होतो, नमाज पूर्ण पढायची. आपा तीन आठवडे एकाच शहरात आहे, तिच्यासाठी कसर प्रवासातच. दहा दिवसांत चार शहरे फिरणाऱ्याची गोष्ट वेगळी.

थंडीत पाय धुण्याचा त्रास होतो, त्यासाठी शरियतने सोय ठेवलीच आहे. वुझू करून चामड्याचे मोजे घातले तर मुकीमला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्र त्यावर मसह करता येतो. असे मोजे हजच्या सामानाच्या दुकानात मिळतात. आपाने तेच घेतले. "हजच्या दुकानातून एक तरी वस्तू आली," म्हणाली.

गर्दीत आपण कसे दिसतो

शेवटचा मुद्दा नाजूक आहे, पण टाळला तर वही अपुरी राहील.

19 डिसेंबर 2016 ला बर्लिनच्या नाताळ बाजारात एकाने ट्रक घातला, 13 जीव गेले. जबाबदारी आयसिसने घेतली. 20 डिसेंबर 2024 ला माग्देबुर्गच्या बाजारात मोटार घुसवण्यात आली, सहा जण मेले, शेकडो जखमी झाले. तो हल्लेखोर सौदीहून आलेला डॉक्टर होता आणि स्वतः इस्लामविरोधी लिखाण करत होता. पण पहिल्या काही तासांत लोकांनी फक्त त्याचा जन्मदेश पाहिला. तेव्हापासून बाजारांभोवती सिमेंटचे अडथळे, पोलीस आणि पिशव्यांची तपासणी असते. आपाचा स्कार्फ पाहून कोणी दोनदा बघेल, हे मी तिला आधीच सांगितले. तिने विचारले, "इथे नाही का बघत?" अकोल्यात राहिलेल्या बाईला यावर काय समजवायचे.

पण त्याच न्युरेंबर्गची दुसरी गोष्ट तिला सांगितली. तिथला बाजार क्रिस्टकिंड नावाची देवदूतासारखी सोनेरी केसांची मुलगी चर्चच्या सज्जातून उघडते. दर दोन वर्षांनी शहरातल्या मुलींमधून ती निवडली जाते. 2019 मध्ये 17 वर्षांची बेनिग्ना मुन्शी निवडली गेली. तिचे वडील भारतातून गेलेले. एका उजव्या पक्षाच्या स्थानिक शाखेने तिच्या मूळावरून कुचकट मजकूर लिहिला. त्यावर शहर आणि बराचसा देश त्या मुलीच्या बाजूने उभा राहिला, मजकूर काढून टाकावा लागला आणि बाजार तिनेच उघडला. हेच ते शहर, जिथे 1935 मध्ये ज्यूंना नागरिकत्वातून वगळणारे कायदे झाले आणि युद्धानंतर नाझी पुढाऱ्यांवर खटले चालले. 2024 च्या रमजानमध्ये फ्रँकफुर्टच्या एका रस्त्यावर चंद्र-ताऱ्यांचे दिवे लागले, नाताळला लागतात तसे. दोन्ही गोष्टी एकाच देशातल्या. घरून निघताना दोन्ही माहीत असाव्यात.

म्हणून साध्या काळज्या. पासपोर्टची प्रत जवळ, मूळ घरी. मुलाचा पत्ता जर्मन भाषेत लिहून पर्समध्ये. पिशवी तपासायला मागितली तर शांतपणे द्यावी. नातीच्या खिशातही फोन नंबरची चिठ्ठी.

ज्यांना जर्मनी नाही

सगळ्यांची मुले परदेशात नाहीत आणि तेवढा खर्च करायची गरजही नाही. नातवंडांना हिवाळ्यातला बाजार दाखवायचा तर अमरावतीहून दीड-दोन तासांवर बहिरम आहे. पाळणा तोच, थंडी कमी, व्हिसा नाही. परवा मी माझ्या मुलांना नानांचे दुकान जिथे लागे ती जागा दाखवायचे कबूल केले आहे. अम्मीने खूण सांगितली होती, ती अजून सापडते का बघू.

मुंबईची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. काल आपाने पासपोर्ट कपाटातून काढला आणि माझ्या हातात दिला. आत एक चिठ्ठी होती, तिच्या उर्दू अक्षरात. मला वाटले काही कागद राहिला. त्यात नातीच्या मनगटाचे माप होते. सुनेने दोऱ्याने मोजून फोनवर सांगितलेले. आपाने त्या मापाच्या डझनभर काचेच्या बांगड्या घेतल्या आहेत, कापसात गुंडाळून डब्यात भरल्या आहेत. विमानात त्या हातातल्या पिशवीत ठेव, सामानात टाकू नकोस, एवढे मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. तिचे हजच्या यादीत नाव येवो, दुआ करा.